चिनी गाडी आणि आपला चार्जर

निगडीच्या पीएमपी आगारातील विजेच्या बसगाड्या तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील. अशा बसगाड्या इकडे २०१९ मध्ये आल्या. त्या बांधल्या हैदराबादच्या ऑलेक्ट्रा कंपनीने, पण तंत्र होते चीनच्या बीवायडी कंपनीचे. या बसला चार्जर शोधत हिंडावे लागत नाही. ती रात्री आपल्या आगारात परत येते आणि तेथील चार्जर तिच्याच मापाचे असतात. मोटारीचे तसे नाही. ती आज चाकणला, तर उद्या नाशिकला. वाटेत भेटेल तो चार्जर तिला चालला पाहिजे. मग चीनमध्ये विकली जाणारी मोटार जशीच्या तशी इकडे आणली तर?

तुम्ही म्हणाल, न चालायला काय झाले? चीनमध्ये घरगुती वीज २२० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची. आवर्तने दोन्हीकडे सेकंदाला ५०. खरेच आहे, वीज जुळते. अडते ते गाडी आणि चार्जर यांच्या जोडणीत.

चीनच्या जोडणीला जीबी/टी म्हणतात. युरोपात साध्या चार्जिंगसाठी टाइप-२ आणि वेगवान चार्जिंगसाठी सीसीएस-२ ही जोडणी आहे. आपल्या नव्या मोटारींतही हीच दिसते. गंमत अशी, की साध्या चार्जिंगच्या चिनी व युरोपीय जोडण्या दिसायला जवळजवळ सारख्या, दोन्हींत सात-सात पिना. पण युरोपीय पद्धतीत पिना गाडीत आणि भोके चार्जरच्या गनमध्ये. चिनी पद्धतीत नेमके उलटे. पिनेसमोर पिन आली तर जोड बसणार कसा?

येथे मध्ये अडॅप्टर घालून बरेचसे भागते, कारण दोघांची 'बोलण्याची' रीत एकच आहे. गन लावताच मोठा प्रवाह सुरू होत नाही. आधी एका बारीक तारेवर चार्जर १२ व्होल्टचा संकेत ठेवतो. गाडीतील रोधामुळे तो ९ व्होल्टवर उतरतो, आणि चार्जरला कळते की गाडी जोडली गेली. गाडीने आणखी एक रोध जोडला की तो ६ व्होल्ट होतो. म्हणजे 'मी तयार आहे'. किती प्रवाह घ्यायचा तेही याच तारेवर ठरते. संकेत सेकंदाला १,००० वेळा वर-खाली होतो. तो शेकडा जितका वेळ वर असेल त्या आकड्याला ०.६ ने गुणा. ५० टक्के असेल, तर ३० अँपिअरपर्यंत परवानगी. दोन-चार रोधांत केवढे संभाषण!

वेगवान चार्जिंगची गोष्ट निराळी. तेथे एकदिश प्रवाह थेट बॅटरीत जातो आणि किती व्होल्ट, किती अँपिअर हवे हे गाडीला सतत सांगत राहावे लागते. जीबी/टीमध्ये हे बोलणे दोन स्वतंत्र तारांवरून होते. सीसीएस-२ मध्ये वरच्याच संकेताच्या तारेवर उच्च कंप्रतेची लहर चढवतात. एक कानडी बोलतो, दुसरा बंगाली. पिना जुळवणारा साधा अडॅप्टर येथे निरुपयोगी. आत दुभाष्याचे काम करणारे इलेक्ट्रॉनिक मंडल लागते.

शिवाय ते चांगले लागते. प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे जोड सुटताना उडालेली ठिणगी विझायला वाव मिळतो. एकदिश प्रवाह शून्यावर येतच नाही. ४०० व्होल्टचा जोड चालू प्रवाहात सुटला, तर ठिणगीची ज्योत होते. म्हणूनच चार्जिंग चालू असताना गन कुलूप लावल्यासारखी अडकून राहते. ज्या अडॅप्टरला अशी अडकण नाही, तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आता एक उलटा प्रकार ऐका. जीबी/टी आकाराची गन आपल्याकडे होतीच! २०१७ साली ठरलेल्या 'भारत डीसी-००१' या चार्जरला तीच होती. महिंद्राची ई-व्हेरिटो आणि टाटांची पहिली विजेची टिगोर त्यावर चार्ज होत. या गाड्या ७२ व्होल्टच्या. चार्जर २०० अँपिअरपर्यंत देई, म्हणजे ७२ × २०० = १४,४०० वॅट. हीच शक्ती ४०० व्होल्टला फक्त ३६ अँपिअरमध्ये मिळते. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेव्हा त्याच तारेत २०० अँपिअरला ती सुमारे ३१ पट! मोठ्या मोटारी ४०० व्होल्टकडे वळल्या यात नवल नाही. अशी चिनी मोटार त्या चार्जरशी नेली तर गन खुशाल बसेल, पण चार्जरची धाव १०० व्होल्टपर्यंतच. खालच्या टाकीतले पाणी वरच्या टाकीत आपोआप चढत नाही.

म्हणून बीवायडीने २०२२ मध्ये आपली अॅटो-३ भारतात आणली, ती सीसीएस-२ चे सॉकेट बसवूनच. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या बीई-६ मध्ये घट बीवायडीचे आहेत आणि सॉकेट सीसीएस-२ चे. घटांना सॉकेटच्या आकाराशी कर्तव्य नसते.

रस्त्याकडेच्या चार्जरची सीसीएस-२ गन जवळून पाहा, हात मात्र लावू नका. खाली दोन जाड जोड दिसतील. एकदिश प्रवाह त्यांतून जातो. वरच्या गोल भागातील काही भोके बहुधा रिकामी असतील. ती प्रत्यावर्ती प्रवाहाची, आणि येथे त्यांना काम नाही.