ठसा कोणाच्या हाती?

मेहनत कारागिराची, भांडवल सावकाराचे आणि शिक्काही सावकाराचाच, ही रीत आम्हा कापडवाल्यांना नवी नाही. अमेरिकेत गाण्याच्या धंद्यातही बहुधा हेच चालते. कंपनी गायकाला उचल देते, ती त्याच्याच रॉयल्टीतून वळती करते आणि मास्टर टेप स्वतःकडे ठेवते. मास्टर म्हणजे छपाईचा ठसाच समजा. ठसा ज्याच्या हाती, माल त्याचा.

जॉन प्राइन हे कंट्री व फोक गाणारे गृहस्थ पूर्वी टपाल वाटत. १९७१ पासून त्यांच्या रेकॉर्डी मोठ्या कंपन्यांनी काढल्या. १९८१ मध्ये मात्र मॅनेजर अल बुनेटा यांना सोबत घेऊन त्यांनी ‘ओह बॉय रेकॉर्ड्स’ ही स्वतःची पेढी काढली. भांडवल कुठून आले? गिऱ्हाइकांकडून! रेकॉर्ड निघण्याआधीच चाहत्यांनी पैसे पाठवले आणि १९८४ मध्ये ‘एमलेस लव्ह’ बाजारात आली. अशा पैशाला व्याज नसते, पण माल सांगितल्यासारखा द्यावा लागतो, नाहीतर पुढच्या खेपेला कोणी विचारत नाही. विक्रीही टपालाने. १९९१ च्या ‘द मिसिंग इयर्स’ला तर ग्रॅमी मिळाले.

२०२० मध्ये प्राइन वारले. पेढी घरच्यांकडेच राहिली.