दोन लिटर पाणी आणि एक आकडा

‘सुनेला सातवा सरून आठवा लागलाय. सोनोग्राफीत पाणी कमी आलंय. रोज शहाळी देतोय, त्यानं खरंच वाढतं का?’ असा प्रश्न एका वाचक आजींनी विचारला आहे.

पाणी वाढतं. पण त्यासाठी शहाळंच लागतं असं नाही, माठातलं साधं पाणीही चालतं. 1991 साली सारा किलपॅट्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भजल कमी असलेल्या बायकांना दोन लिटर पाणी प्यायला दिलं. पुन्हा मोजलं तेव्हा आकडा वर सरकला होता. याचं कारण गमतीचं आहे. चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर गर्भजल म्हणजे मुख्यतः बाळाची लघवी. बाळ ती गिळतं आणि पुन्हा सोडतं. आईनं साधं पाणी प्यायलं की तिचं रक्त किंचित पातळ होतं, वारेतून पाणी बाळाकडे सरकतं आणि बाळाला लघवी जास्त होते. नेहमीच्या सलाईनमध्ये क्षार रक्ताइतकेच असतात, त्यामुळे रक्त पातळ होत नाही आणि गर्भजलही फारसं हलत नाही. तरीही ‘दोन बाटल्या चढवा’ हा आग्रह सुटत नाही. सुईतून गेलं तेच औषध, अशी आपली पक्की समजूत!

आता हा आकडा येतो कुठून? पोटाचे चार भाग कल्पून प्रत्येकातल्या सर्वांत खोल पाण्याची उंची मोजायची आणि बेरीज करायची. ती पाच सेंटिमीटरपर्यंतच भरली तर पाणी कमी. म्हशी डुंबत असलेल्या तळ्यात चार ठिकाणी काठी बुडवून साठा सांगावा, तसंच हे. बाळानं कूस बदलली की आकडाही बदलतो. दुसरी पद्धत एकच सर्वांत खोल जागा मोजण्याची. तिथे दोन सेंटिमीटर ही सीमा. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या ‘सेफ’ या चाचणीत हजाराहून अधिक गर्भवतींमध्ये दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. चार भागांच्या बेरजेनं 9.8 टक्के बायकांचं पाणी ‘कमी’ ठरलं, एका जागेच्या मोजणीनं फक्त 2.2 टक्के. बेरीजवाल्या गटात त्यापायी कळा आणवण्याचं प्रमाणही वाढलं. बाळांच्या प्रकृतीत मात्र फरक पडला नाही.

म्हणून शेवटच्या महिन्यांत पाण्याकडे निरोप म्हणून बघावं. वारेकडून पुरवठा आटला की बाळ मेंदू-हृदयाकडे रक्त वळवतं, मूत्रपिंडांच्या वाट्याला कमी येतं आणि लघवी घटते. आईनं पाणी पिऊन आकडा वाढवला तरी वार सुधारत नाही. बाळाची वाढ, डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आणि हालचाली बघायच्या त्या यासाठी.

गर्भारपणाच्या पूर्वार्धात मात्र पाणी निव्वळ निरोप्या नसतं, तेव्हा बाळाची घडण त्यावर अवलंबून असते. हे कळलं शिकागोच्या एडिथ पॉटर यांच्यामुळे. दगावलेल्या बाळांची शवविच्छेदनं करणं हे या बाईंचं काम. सुमारे पाच हजारांपैकी वीस बाळांना दोन्ही मूत्रपिंडं नव्हती, आणि या बाळांचे चेहरे एकमेकांसारखे होते: चपटं नाक, खाली सरकलेले कान, आत गेलेली हनुवटी. फुप्फुसं इवलीशी. 1946 साली त्यांनी हे लिहिलं. पण मूत्रपिंडाचा आणि नाकाचा संबंध काय? तो जोडायला 1974 साल उजाडलं. थॉमस आणि स्मिथ यांनी दाखवलं की दोष पाण्याच्या अभावाचा आहे. लघवी नाही म्हणून पाणी नाही, पाणी नाही म्हणून गर्भाशय बाळाला दाबतं आणि फुप्फुसं फुलत नाहीत.

मग बाहेरून पाणी भरलं तर? अमेरिकेतल्या ‘राफ्ट’ चाचणीत मूत्रपिंडं नसलेल्या बाळांभोवती पोटातून सुई घालून वरचेवर द्रव सोडला गेला. 2023 साली निकाल आले: जिवंत जन्मलेल्या 17 बाळांपैकी 14 बाळं डायलिसिसची सोय होऊन दोन आठवडे तरी जगली, फुप्फुसांनी साथ दिली. पण रुग्णालयातून घरी गेली ती सहाच.

आपल्याकडे मात्र पाणी वाढावं म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आर्जिनिनच्या पुड्या आणि अमिनो आम्लांच्या बाटल्या सर्रास दिसतात. त्यामागचे अभ्यास बहुतेक छोटे, आणि मोजलेला असतो तो पुन्हा तोच आकडा. सिल्डेनाफिल या औषधाचाही असाच गाजावाजा झाला होता. वाढ खुंटलेल्या बाळांसाठी त्याची नेदरलँड्समध्ये चाललेली चाचणी 2018 साली थांबवावी लागली, कारण नवजात बाळांमध्ये फुप्फुसांचे त्रास दिसू लागले.

तेव्हा आजी, शहाळं सुनेला आवडत असेल तर खुशाल द्या. पण दोन गोष्टी डॉक्टरांना जरूर सांगा. एक, कपडे सारखे ओले होतात का? पाणमोट फाटून पाणी झिरपत असेल, तर कितीही प्यायलं तरी ते टिकणार नाही. दुसरी, कंबरदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन चालू आहे का? या गोळ्या बाळाच्या मूत्रपिंडांचं काम मंदावतात. विसाव्या आठवड्यानंतर त्या टाळा, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2020 साली बजावलं आहे. गोळी बंद केली की पाणी बहुतेकदा आपोआप भरून येतं.