शेंकबाई फार प्रश्न विचारतात

राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा 2025 मध्ये आला आणि चर्चा रंगली ती वयाची: सत्तरी ओलांडलेल्यांनाही पंचाहत्तरीपर्यंत खुर्चीची वाट मोकळी. मला दुसरी तरतूद मोलाची वाटते. प्रत्येक क्रीडा महासंघाच्या कार्यकारिणीत किमान चार महिला आणि दोन नामवंत खेळाडू हवेत. अशी एक खेळाडू बाई थेट अध्यक्ष झाली तर काय होतं, ते जर्मन सायकलिंगने केव्हाच पाहून घेतलंय.

झिल्विया शेंक 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये 800 मीटर धावल्या, पुढे वकील झाल्या, फ्रँकफर्ट महापालिकेत क्रीडा खातं सांभाळलं आणि 2001 मध्ये जर्मन सायकलिंग महासंघाच्या अध्यक्ष झाल्या. सायकलिंगमधल्या नव्हत्या, म्हणूनच कुणाच्या मिंध्या नव्हत्या. तेव्हा अख्खा देश यान उलरिशवर फिदा. 1997 ची टूर दे फ्रान्स त्याने जिंकलेली. अशात उत्तेजकांचा विषय काढणं म्हणजे लग्नघरात कर्जाचा हिशेब मागणं. बाईंनी तो मागितला. एका उत्तेजक प्रकरणावरून सहकाऱ्यांशीच बिनसलं आणि 2004 मध्ये त्यांनी पद सोडलं. पण सायकलिंगच्या जागतिक संघटनेच्या व्यवस्थापन समितीत त्या अजून होत्या. 2005 मध्ये त्यांनी जाहीरपणे विचारलं, लान्स आर्मस्ट्राँगकडून संघटना पैसे कसे घेते? देणगी घेतल्याचं संघटनेला कबूल करावं लागलं. आर्मस्ट्राँगची टूरमधली सातही विजेतेपदं उत्तेजकांपायी 2012 मध्ये काढून घेतली गेली. तोवर शेंकबाई सायकलिंगच्या कारभारातून कधीच बाहेर पडल्या होत्या.

जर्मन महासंघात त्यांच्यानंतर 2005 मध्ये आले माजी संरक्षणमंत्री रुडोल्फ शार्पिंग. पुढच्याच वर्षी टूरच्या आदल्या दिवशी उत्तेजकांच्या संशयावरून उलरिशला बाहेर काढलं गेलं. 2007 मध्ये उत्तेजकांवरूनच जर्मनीच्या सार्वजनिक वाहिन्यांनी टूरचं प्रक्षेपण मध्येच थांबवलं. शार्पिंग मात्र 2021 पर्यंत अध्यक्ष! आपल्याकडच्या वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही.

खेळात पुढारी नकोतच, असं मी म्हणणार नाही. जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर या सायकल शर्यतीसाठी रस्ते गुळगुळीत झाले, ते काही सायकलपटूंच्या अर्जावर झाले नाहीत. पण रस्ता करून देणारा आणि हिशेब मागणारा माणूस सहसा एक नसतो, आणि आपल्या संघटनांत दुसऱ्याचीच वानवा आहे.

रस्त्यांचंच बोलायचं तर जालन्याला समृद्धी महामार्ग आला, त्यावर सायकलला बंदी. त्याच जिल्ह्यातल्या मंठा-परतूरकडच्या मुली मानव विकास कार्यक्रमातल्या सायकली दामटत शाळा गाठतात. त्यांच्यातली शर्यतीची पोर हेरायची कुणी, याबद्दल नव्या क्रीडा कायद्यात अवाक्षर नाही. पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकांचं मात्र सगळं सविस्तर आहे.