उद्यानात जाताना पाणी तोडू नका

ठाण्यातील कोलशेत परिसरात फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रँड सेंट्रल पार्क खुले झाले. साडेवीस एकरांचा विस्तार, मध्ये तळे, शिवाय मुघल, चिनी, मोरोक्कन आणि जपानी धर्तीच्या बागा. घरातील ज्येष्ठांना तेथे न्यावे, असे मुलानातवंडांना वाटते. आजी मात्र म्हणतात, "तुम्हीच जाऊन या, माझे गुडघे दुखतात." गुडघे दुखतातच; पण अनेकदा न सांगितलेले कारण वेगळे असते. वाटेत लघवीची घाई झाली तर काय, ही ती धास्ती.

या धास्तीपोटी काही ज्येष्ठ निघण्याआधी पाणी तोडतात, लघवीची गोळीही परस्पर टाळतात. धोका येथेच आहे. उतारवयात तहान कमी जाणवते. त्यात उन्हातले चालणे. रक्तदाब उतरतो, बाकावरून उठताना भोवळ येते आणि एका पडण्यात खुब्याचे हाड मोडू शकते. म्हणून घोट घोट पाणी पीत राहावे. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल, तर तेवढेच. त्या दिवशी लघवीची गोळी केव्हा घ्यावी, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारावे. मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन घेतल्यावर जेवण लांबवू नये. खिशात साखर असावी.

प्रवासाचाही विचार हवा. कल्याण-डोंबिवलीहून सकाळच्या गर्दीची लोकल टाळावी. रविवारी निघायचे असल्यास मेगाब्लॉक आहे का, ते पाहावे. ठाणे स्थानकापासून उद्यान चालत जाण्याजोगे नाही; रिक्षा वा बस लागते. चौघे मिळून घरापासूनच गाडी ठरवली, तर जिन्यांची चढउतार वाचते. उद्यानाच्या वेळा आणि सुट्टीचा वार आदल्या दिवशी विचारून घ्यावा.

आत शिरताच प्रथम स्वच्छतागृह कोठे आहे ते पाहावे. ते ठाऊक झाले की मन निर्धास्त होते. दहा-पंधरा मिनिटे चालावे, मग बसावे. पायांत मागून घट्ट बसणारी पादत्राणे असावीत. काठीचा संकोच नसावा. छातीत दडपण, धाप वा एका बाजूचा अशक्तपणा जाणवल्यास तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आणि सोबत जाणाऱ्यांनो, सारे उद्यान एकाच दिवशी पाहण्याचा अट्टहास नको. दर तासाला "जाऊन येऊ या का?" असे आपणच सहज विचारा. संकोचापायी त्या स्वतःहून सांगणार नाहीत.