आकडा पुसू नये, तपासावा

नववीच्या विज्ञानात संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत येतो. बाहेरचे बळ नसेल, तर टक्कर होण्याआधीचा आणि नंतरचा एकूण संवेग सारखाच राहतो. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. उर्दूत त्याला मेयार-ए-हरकत म्हणतात. मुले व्याख्या पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात.

भाईंदर पूर्वेच्या आमच्या घरी, पावसाच्या एका रविवारी, मुलीने आणि मी हा नियम कॅरमवर तपासला. माळ्याच्या कडेला फोन खाली तोंड करून बांधला. बोर्डावर मोजपट्टी ठेवली. 15 ग्रॅमच्या स्ट्रायकरने 5 ग्रॅमची सोंगटी सरळ रेषेत मारली. फोन सेकंदाला 240 चित्रे घेत होता.

व्हिडिओ ‘ट्रॅकर’मध्ये उघडला. कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक डग्लस ब्राउन यांनी बनवलेले हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. प्रत्येक चित्रात वस्तूवर खूण करायची. वेग ते काढते.

टक्कर होण्याआधी स्ट्रायकरचा वेग सेकंदाला 1.2 मीटर, म्हणजे संवेग 18. नंतरची बेरीज आली 22!

“अम्मी, एक आकडा बदलू का? जमेल.”

“नको बेटा. आधी चित्र बघ.”

आलेखात सोंगटीचा वेग एका ठिकाणी उसळून लगेच खाली आला होता. ते चित्र उघडले, तर आपोआप होणारी खूण सोंगटीच्या मध्यावरून कडेकडे सरकलेली. चूक जेमतेम 7 मिलिमीटरची. खूण मध्यावर आणली. आता सोंगटीचा वेग 1.5, स्ट्रायकरचा 0.7. 7.5 अधिक 10.5, बरोबर 18.

मुलगी खूश झाली. मी म्हटले, “आता हाही आकडा तपासू.” कारण स्लो मोशनचा व्हिडिओ कधी कधी सेकंदाला 30 चित्रांचा म्हणून साठवला जातो. तसे झाले, तर सगळे वेग आठपट कमी दिसतात. पण आधीचा आणि नंतरचा संवेगही तितकाच घटतो, म्हणून हिशेब जुळतोच आणि चूक लपून राहते!

उपाय सोपा. पट्टीशेजारी खोडरबर सोडून त्याच फोनने चित्रीकरण करा. त्वरण 9.8 च्या आसपास आले, तर वेळ बरोबर. 0.15 आले, तर घड्याळच चुकले. आमचे 9.7 आले.

नावडता आकडा आपण सगळेच तपासतो. आवडता आकडाही तपासायची सवय मुलांना लागली, तर ती विज्ञानापुरतीच उपयोगी पडणार नाही.