पन्नाशीत इंग्रजी, तेही हनोईत!

मुलांकडे म्हणून परदेशी जाणारे आईवडील आता घरोघरी आहेत. पण पन्नाशी उलटल्यावर नवराबायकोनं मिळून विद्यार्थी व्हायला परदेशी जावं, हे आमच्या साताऱ्याच्या नातेवाइकांच्या काही केल्या पचनी पडेना. "इंग्रजी शिकवायला व्हिएतनामला?" हा प्रश्न इतक्यांदा आला, की ह्यांनी उत्तरच पाठ करून ठेवलं : "इंग्लंडात सगळ्यांना येतं हो!"

ह्यांनी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली; मी मराठी शाळेत वीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं. परक्या भाषिकांना इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी केंब्रिजचं 'सेल्टा' नावाचं प्रमाणपत्र असतं. ते हनोईत घ्यायचं, दोन वर्षं तिथंच शिकवायचं आणि परत यायचं, असा बेत. 2022 च्या सप्टेंबरात आम्ही तिथं पोचलो.

पहिला धडा रस्त्यानं दिला. मोटारसायकलींचा लोंढा थांबायची वाट बघत बसलात, तर संध्याकाळ होईल. धावायचं नाही, थबकायचं नाही. एका चालीनं चालत राहायचं. गाड्या आपल्याला वळसा घालून जातात. दुसरा धडा जेवणाचा. माशांपासून केलेला 'नुओक माम' नावाचा रस बहुतेक पदार्थांत असतो. आम्ही शाकाहारी, त्यामुळे 'चाय' हा शब्द आधी शिकलो. चाय म्हणजे चहा नव्हे, शाकाहार! चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले पुष्कळ बौद्ध चाय जेवतात. आपल्या एकादशीसारखंच म्हणा ना.

अभ्यासक्रम चार आठवड्यांचा, 120 तासांचा. त्यातले सहा तास खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांपुढे शिकवायचं. मागच्या बाकांवर प्रशिक्षक आणि सहाध्यायी टिपणं काढत बसणार. शिवाय चार लेखी निबंध. या पद्धतीचं मूळही एका जोडप्याकडे जातं, हे वाचून आम्हाला गंमत वाटली. जॉन आणि ब्रिटा हेक्राफ्ट यांनी 1953 मध्ये स्पेनमधल्या कॉर्दोबा गावात इंग्रजीची शाळा काढली. पुढे 1962 मध्ये लंडनला त्यांनी शिक्षकांसाठी दोन आठवड्यांचा वर्ग सुरू केला. आजचा सेल्टा त्याच वाटेनं आला.

शिक्षकानं कमी बोलायचं आणि विद्यार्थ्यांना बोलतं करायचं, हे या पद्धतीचं सार. ह्यांचं बोलणं मुळातच मोजकं, त्यामुळे ते सोपं गेलं. व्याकरणानं मात्र छळलं. दुसऱ्या आठवड्यात, रात्री एक वाजता पाठाचं टिपण बाजूला सारून हे म्हणाले, "परत जाऊ या. या वयात कशाला हे?" मी म्हटलं, "अहो, उद्याचा पाठ तेवढा होऊ दे, मग तिकिटं काढू." असं रोज एकेक 'उद्या' करत चौथा आठवडा उजाडला आणि दोघंही उत्तीर्ण झालो.

खरी परीक्षा पुढेच होती. नोकरीच्या जाहिरातींत 'नेटिव्ह स्पीकर' हवा, म्हणजे जन्मभाषाच इंग्रजी असलेला. एका संस्थेत आमचा नमुना पाठ सगळ्यांना आवडला. पासपोर्ट भारतीय आहेत हे कळल्यावर "कळवतो" म्हणाले. अजून कळवताहेत! दीड महिन्यानं दुसऱ्या एका ठिकाणी काम मिळालं. मग कामाच्या परवान्यासाठी पदवी, प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी आणि प्रत्येक कागदावर शिक्के. जाणाऱ्यांनी पदवीचे शिक्के मायदेशीच उरकावेत.

वर्गात उभं राहिल्यावर मात्र ध्यानात आलं, की आपली मराठी आडवी येत नाही, कामाला येते. "मी इथं पाच वर्षं राहते आहे," असं आपण सरळ वर्तमानकाळात म्हणतो. इंग्रजीला तिथं 'हॅव लिव्ह्‌ड' लागतं. व्हिएतनामी क्रियापदाचं तर रूपच बदलत नाही, काळ दाखवायला वेगळा शब्द जोडतात. त्या पोरांना तिथं का अडखळायला होतं, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. 'अ' आणि 'द' कुठं लावायचे, हे कोडं आपणही शाळेत सोडवलेलंच की! 'लाइक', 'लाइफ', 'लाइट' हे तिन्ही शब्द त्यांच्या तोंडी नुसते 'लाय' होत. शेवटचं व्यंजन गिळलं जाई. ह्यांनी बँकेतल्या शिस्तीनं रोज पाच मिनिटं त्याच शब्दांची कवायत घेतली.

आणि वय विचारलेलं तिथं कोणी मनाला लावून घेत नाही. समोरच्याला दादा म्हणायचं, ताई म्हणायचं की काका, हे ठरवायला वय कळावंच लागतं. ह्यांना मुलं 'थै' म्हणत, म्हणजे गुरुजी. मी झाले 'को'. शिक्षिकेलाही को म्हणतात आणि आत्यालाही. 20 नोव्हेंबरला त्यांचा शिक्षकदिन असतो. त्या दिवशी फुलं घेऊन आलेल्या एका मुलीनं विचारलं, "को, इंग्रजी तुमची भाषा नाही, तर मग तुम्ही ती कशी शिकलात?"

दोन वर्षांत मला विचारला गेलेला हा सगळ्यात कामाचा प्रश्न. त्या दिवशीचा सगळा तास मी त्यावरच घेतला.