पूर ओसरल्यावरचे घर

घोड नदीवरील डिंभे धरणाचा जलाशय काठोकाठ भरून विसर्ग सुरू होणार अशी वर्दी आली, की नदीकाठच्या गृहस्थाने, वर्दीतला एक क्युसेक म्हणजे दर सेकंदास सुमारे २८ लिटर पाणी हे ध्यानी घेऊन, दस्तऐवज व औषधे प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवावीत, गुरांची दावी सोडावीत आणि निघताना विजेचा मुख्य खटका पाडावा. डोंगरउताराच्या वस्तीला मात्र एवढी तजवीज पुरत नाही. डिंभे धरणाच्याच आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी अतिवृष्टीने सुटलेल्या डोंगराखाली गाडले गेले व दीडशेहून अधिक माणसे दगावली. अशा उतारावर जमिनीला भेग दिसताच स्थलांतर, दुसरा इलाज नाही.

पूर ओसरल्यावर खटका पुन्हा चढवण्याची घाई जिवावर बेतते. वायरमनने तपासल्याखेरीज त्यास हात लावू नये. भिंतीवर गाळाची जी तांबूस रेघ उमटते ती लगोलग धुण्याचा मोहही (आपल्याकडे स्वच्छतेचा उत्साह नेमका अशाच वेळी येतो) आवरावा, कारण तलाठ्याच्या पंचनाम्यात तीच बिनतोड साक्ष. आधी छायाचित्र, मग खराटा. विहीर उपसून, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकूनही पाणी उकळूनच प्यावे. चिखल तुडवल्यानंतर ताप आल्यास तडक प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातील लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायाच्या क्षुल्लक जखमेतूनही शरीरात शिरतात.